टोकाची लाल पट्टी

सोमवार, ११ सप्टेंबर १९६७

नोकरी लागली. कशी लागली ते मात्र कुणी विचारू नये.

छत्र्यांच्या कारखान्याला टाळं लागल्यापासून मी घरी बसून हिल्डाची बोलणी खाते आहे. धाकटी बहीण खरी, पण घर तिचं, त्यामुळे तोंडही तिचंच चालतं. आज एजन्सीने हॅमरस्मिथला पाठवलं. ‘संगीत क्षेत्रातले गृहस्थ’ एवढंच सांगितलं होतं. मी धरून चालले की चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे कुणी वयस्कर असतील. दार उघडलं ते पंचविशीतल्या मुलाने. अंगात बायकी रेशमी झगा, पाय अनवाणी, केस खांद्यावर. मी म्हटलं, "घरात मोठं कुणी आहे का?" तर हेच ते मिस्टर डेन्झिल क्रो. रॉक गातात म्हणे. हिल्डाने नाव ऐकलंय, मी नाही.

मुलाखत कसली, त्यांनी मला खिडकीसमोर उजेडात बसवलं आणि म्हणाले, "काहीही बोला." मी छत्रीच्या काड्यांवर कापड कसं चढवतात ते सांगितलं. गृहस्थ सारखे माझ्या तोंडाकडे बघतायत. दाताला लिपस्टिक लागली की काय म्हणून मी दोनदा रुमाल फिरवला. शेवटी म्हणाले, "टॅपस्कॉटबाई, तुमचा एकेक शब्द सुटा निघतो. उद्यापासून या."

आधीच्या सहायकाला का काढलं, हे विचारायला हवंच होतं. विचारलं.

"त्याने दाढी वाढवली," म्हणाले.

गुरुवार, १४ सप्टेंबर

काम काय आहे ते अजून कळलेलं नाही. टायपिंग जवळजवळ नाहीच. फोन मात्र मीच घ्यायचा, कारण मिस्टर क्रो फोनला हात लावत नाहीत. "ते सरकारचं यंत्र आहे," म्हणतात. पलीकडचा जे बोलेल ते मी त्यांच्यासमोर जाऊन, अगदी समोर उभं राहून, जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. पाठीमागून बोललं तर ढुंकून बघत नाहीत. आज मी तीनदा हाक मारली तरी साहेब खिडकीबाहेर बघत उभे. आमच्या आईने असल्या मुलाला कान धरून कोपऱ्यात उभं केलं असतं.

कचऱ्याच्या डब्यात बूड जळालेल्या दोन किटल्या सापडल्या. चांगल्या, शिट्टीवाल्या. लक्ष कुठे असतं देव जाणे.

मंगळवार, १९ सप्टेंबर

आज पहिल्यांदा त्यांचं वाजवणं पाहिलं. तळघरात स्पीकर आडवे ठेवून त्यावर लाकडाची फळी टाकलेली, आणि हे महाशय फळीवर अनवाणी उभे. साथीदारांनाही बूट काढायला लावतात. आवाज इतका की माझ्या केसांतल्या पिना हलल्या. मध्येच गिटार खाली ठेवली, पियानोवर ओणवे झाले आणि त्याच्या कडेला दात लावून वाजवायला लागले. पियानोवर दातांच्या खुणा आहेत. मी त्या पॉलिशने घालवायला बघत होते तर माझ्यावरच चिडले.

गिटारच्या दोन बारीक तारा त्यांनी काढून टाकल्यात. "कामाच्या नाहीत," म्हणतात. एका वर्तमानपत्राने यावर अर्धं पान लिहिलंय. तारा काढणं म्हणजे जुन्या संगीताविरुद्ध बंड, अनवाणी उभं राहणं म्हणजे पूर्वेकडची साधना, आणि दाढीबंदी म्हणजे दाढीवाल्या बंडखोरांविरुद्धही बंड. मी तो लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा जास्तच गोंधळले.

ध्वनिमुद्रण करणारा फेरिस म्हणून एक माणूस आहे. कमी बोलतो. भिंतीवरच्या फोटोत त्याला छातीपर्यंत तांबूस दाढी आहे, प्रत्यक्षात हनुवटी गुळगुळीत. मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा घाबरता का यांना?" तो हनुवटीवरून हात फिरवून मशीनकडे वळला.

शनिवार, ३० सप्टेंबर

लेस्ली ओकशॉट आले होते. हे मिस्टर क्रो यांचे व्यवस्थापक. करार वगैरे तेच बघतात. नव्या झुपकेदार मिशा ठेवल्यात, ओठ दिसत नाहीत. येरझारा घालत पाऊण तास समजावत होते. मिस्टर क्रो दोन मिनिटं त्यांच्याकडे बघत बसले, मग उठून संत्रं सोलायला स्वयंपाकघरात निघून गेले. माणूस वाक्याच्या मध्यावर होता हो. मला इतकी लाज वाटली की मीच चहाचं विचारलं.

"माज आलाय याला," ओकशॉट मला म्हणाले. "बाई, तुम्ही तरी सांगा. मागची रेकॉर्ड पडून राहिली आहे. दोन नोव्हेंबरला पेंब्री कंपनीचे संचालक नवं गाणं ऐकणार. पसंत पडलं तर रेकॉर्ड निघेल, नाहीतर करार संपला. दुसरं कुणी दारात उभं करायचं नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन, समोर उभं राहून, सगळं म्हणून दाखवलं. तेव्हा मात्र संत्रं हातात तसंच राहिलं.

"एवढं एक गाणं बाहेर पडू दे," म्हणाले. "पुढचं मला काही नको."

पंचविशीत पुढचं काही नको, हे कसलं बोलणं. आणि मला ‘अहो’ म्हणू नका, ‘डेन्झिल’ म्हणा, असंही म्हणाले. प्रयत्न करून बघते.

बुधवार, ११ ऑक्टोबर

गाण्याचं नाव ‘मीठ’. आज ते पूर्ण झालं.

डेन्झिल कॉर्नवॉलचा, समुद्राकाठचा. त्याची आई तळघरात मासे खारवायची. एक थर माशांचा, एक थर मिठाचा, आणि थर लावताना गुणगुणायची. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तेच गुणगुणणं धरून त्याने गाणं बांधलंय, रेकॉर्डची एक अख्खी बाजू भरेल एवढं लांब. सुरुवातीला नुसता ठेका, मग हळूहळू शब्द, आणि तिसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फाटतो. मला वाटलं फेरिस थांबवेल, पुन्हा घ्यायला लावेल. त्याने थांबवलं नाही. मी काचेआड बसून ढसाढसा रडले, छत्रीवाल्या बाईला शोभणार नाही इतकी. रॉक म्हणजे हेच असेल तर माझी काही तक्रार नाही.

नंतर डेन्झिलला विचारलं, इतकी घाई का करतोस, दिवसरात्र तळघरातच असतोस. तो म्हणाला, "आईचा आवाज आता मला नीट आठवत नाही. रोज थोडा थोडा जातोय. सगळा जायच्या आत धरून ठेवायचा होता."

दुःखात माणसाला असं होतं. मी त्याला सूप करून दिलं.

बुधवार, १ नोव्हेंबर

फेरिसला ताप आलाय. उद्या कंपनीत टेप तोच नेणार होता, आता मी नेणार. फोनवर घसा बसलेला त्याचा. म्हणाला, "तिथे टेप लावणाऱ्या मशीनवाल्याच्या हातात द्या. तो बघेल आणि काय ते समजेल." मी म्हटलं, मी एकोणीस वर्षं माल वेळेवर पोचवलाय, काळजी करू नका.

रीळ पाहिलं तर खोक्यावर चहाचे डाग आणि पेन्सिलीची गिचमीड. संचालकांसमोर हे न्यायचं? मी नवं खोकं आणलं, नाव टाईप करून चिकटवलं. टेपच्या बाहेरच्या टोकाला लाल पट्टी लोंबत होती, कडेच्या दशा सुटलेल्या. छत्रीचा सुटलेला दोरा दिसला की कात्री आपोआप हातात येते माझ्या. नीट कापून टाकली. आता कसं, बघण्यासारखं झालंय.

गुरुवार, २ नोव्हेंबर

मला काहीही कळत नाहीये. क्रमाने लिहिते, म्हणजे कदाचित कळेल.

पेंब्री कंपनीची दिवाणखान्यासारखी खोली. गालिचे, शेरी, बिस्किटं. संचालक सगळे साठीच्या पुढचे. तिथली रीत अशी की गाणं संपल्यावर अध्यक्ष सर गॉडफ्रे बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. ओकशॉटनी कानात सांगितलं की सर गॉडफ्रेंनी पूर्वी काही पोरांना ‘गोंगाट’ म्हणून परत पाठवलं आणि ती पोरं दुसरीकडे जाऊन चमकली. तेव्हापासून न समजणाऱ्या कशालाही ते नाही म्हणत नाहीत.

मशीन लागलं, आवाज अगदी बेताचा, पाहुण्यांत शोभेलसा. आणि जे ऐकू आलं ते ‘मीठ’ नव्हतंच. माणूस बोलतोय पण शब्द एकही नाही, ढोल आधी फुगतोय आणि मग गपकन गिळला जातोय. कुणी श्वास आत ओढत ओढत गावं तसं. चुकीचं रीळ आणलं की काय? पण रीळ तर तेच. मग डेन्झिल आणि फेरिसने मागाहून गाणंच बदललं असेल? मी मान ताठ, हात मांडीवर, चेहरा शांत ठेवून बसले. परक्यांच्या घरी दुसरं काय करणार. डेन्झिलकडे पाहिलं तर तो डोळे मिटून संथ डोलत होता. त्याचंच गाणं आणि तोच डोलतोय, म्हणजे असंच असणार. मला काय कळतंय त्यातलं.

संपलं. सर गॉडफ्रेंनी चष्मा पुसला. म्हणाले, "विलक्षण." लगेच बाकीचेही विलक्षण म्हणाले. एकाने तर तिसऱ्या मिनिटालाच कळलं होतं म्हणून सांगितलं. रेकॉर्ड निघणार. ओकशॉटनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मिशा टोचल्या.

टॅक्सीत डेन्झिल लहान मुलासारखा खूश. माझ्याकडे वळून म्हणाला, "तिसऱ्या कडव्यात माझा आवाज फाटतो ना, तिथे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं का? मी डोळे मिटून होतो."

तिसरं कडवं? कुठे होतं तिसरं कडवं?

"सर गॉडफ्रेंनी चष्मा पुसला," मी म्हटलं. ते खरंच होतं.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

कळलं. न कळतं तर बरं होतं.

सकाळी गेले तर स्वयंपाकघरात किटली अशी किंचाळत होती की शेजारचं कुत्रं भुंकत होतं. डेन्झिल तिच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, वर्तमानपत्र वाचत बसलेला. मी दारातच थांबले. म्हटलं, "डेन्झिल." मग मोठ्याने, "डेन्झिल." मग, देवा क्षमा कर, मी म्हटलं, "डेन्झिल, तुझ्या झग्याला आग लागलीये." त्याने पान उलटलं.

मी किटली उतरवली. मला बघून तो हसला, म्हणाला, "अरे, पाणी उकळलं वाटतं."

तिथून तडक फेरिसच्या खोलीवर गेले. तो गळ्याला मफलर गुंडाळून अंथरुणात. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"मग दाढी काय हौसेने काढली मी?" तो म्हणाला. "ओठ दिसले नाहीत तर त्याला काही समजत नाही. दोन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले, आता मोठेही चाललेत. पायांतून, दातांतून जाणवतात तेवढेच."

मग मी कालचं सांगितलं. ढोल फुगतो आणि गिळला जातो म्हटल्यावर तो उठून बसला. "लाल पट्टी होती ना टोकाला?"

"लोंबत होती. कापली मी."

फेरिस खोकला. मग म्हणाला की टेप वाजवून झाली की तशीच ठेवतात, शेवट बाहेर, सुरुवात आत. लावायच्या आधी उलटी फिरवून घ्यायची. लाल पट्टी म्हणजे इथे गाणं संपतं, ही खूण. धंद्यातला कुणीही बघून समजतो. ती नसेल तर मशीनवाला तशीच लावणार, आणि हल्ली लोक मुद्दाम काहीबाही करतात म्हणून विचारणारही नाही. अख्खं गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजलं.

मी कोळशाच्या बादलीवरच बसले. त्या पोराने आईचा आवाज धरून ठेवला आणि मी तो नीटनेटका करून उलटा केला.

"सांगून टाकते त्यांना," मी म्हटलं.

"सांगा. मग ते विचारतील, तो तिथे बसून डोलत कसा होता? एकदा बहिरा म्हणून कळलं की रेकॉर्डही गेली आणि तोही गेला. आणि नाही सांगितलं तर ‘मीठ’ उलटं छापलं जाईल. कुणाला कधी ऐकूच येणार नाही."

"मग काय करू?"

"मला ताप आहे, बाई," फेरिस म्हणाला.

सोमवार, ६ नोव्हेंबर

सर गॉडफ्रेंना भेटून आले.

काल पाच नोव्हेंबर, आतषबाजीचा दिवस. बाहेर पोरं फटाके वाजवत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. तिथे गेल्यावर एकही आठवलं नाही. सरळ म्हटलं, "सर, गुरुवारी गाणं उलटं वाजलं. लाल पट्टी मी कापली. चूक माझी."

ते हसले. "असं कसं? मी वर्तमानपत्रवाल्यांना सांगूनही बसलोय की संगीताला नवी दिशा मिळाली. आणि मिस्टर क्रो तर तिथेच होते. डोलत होते की."

तोच प्रश्न. मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. हिल्डाच्या केकलासुद्धा चांगलं म्हटलेलं नाही.

"पहिल्याच सुराला त्यांच्या लक्षात आलं होतं," मी म्हटलं. "पण ते बघत होते, तुम्ही सगळे किती वेळ बसता ते."

सर गॉडफ्रेंचे कान तांबडे झाले. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"अजून तरी नाही," मी म्हटलं. खरं म्हणजे फेरिसचा ताप उतरेपर्यंत तो कुणाला सांगणार नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण सर गॉडफ्रे झटकन उठले, मला स्वतः खुर्ची दिली आणि मशीनवाल्याला बोलावलं. का ते कळलं नाही.

टेप सरळ करून लावली. पुरी ऐकली. तिसऱ्या कडव्यापाशी ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"हे तर साधं गाणं आहे," म्हणाले.

"हो."

"हेच छापू. थोड्याच प्रती काढू. पण तुमच्या क्रोंना सांगा, यापुढे पेंब्रीत त्यांचं काही काम नाही. मला माझी चेष्टा केलेली खपत नाही." मग दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "आणि ती वर्तमानपत्राची गोष्ट आपल्यातच राहू द्या."

म्हणजे जिंकले की हरले? बसमध्ये सगळा वेळ हाच विचार करत होते.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

डेन्झिलला आज सांगितलं. त्याला खिडकीसमोर बसवलं, मी उजेडाकडे तोंड करून बसले आणि एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. पट्टी, किटली, फेरिस, सर गॉडफ्रे, माझं खोटं. मी बोलत गेले तसा त्याचा रंग उडत गेला. उठून बाहेर गेला. मला वाटलं आता नोकरी गेली, आणि गेली तर गेली, मी कोट घालून तयार बसले.

परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "कोट काढा. मला तिथे काहीच जाणवत नव्हतं. गालिचा, मंद आवाज. सुरू झालं तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं होतं."

"माझ्याकडे कशाला?"

"कसं वाजतंय ते बघायला. तुम्ही चर्चमध्ये बसल्यासारख्या शांत बसला होतात. म्हटलं, छान वाजतंय. मग मी डोळे मिटले."

लहानपणापासून शिकवलंय, चारचौघांत तोंडावर काही दाखवायचं नाही. तेवढं मला उत्तम येतं. आणि त्या मुलाने माझ्या तोंडावर भरवसा ठेवला होता. मी तिथेच रडले. त्याने मला थांबवलं नाही, माझं तोंड बघत राहिला.

"यापुढे वाईट वाजलं तर वाईट तोंड करा, टॅपस्कॉटबाई," तो म्हणाला.

"मला जमत नाही रे तसलं."

"शिका मग. पगार कशाचा घेता?"

घरी आल्यावर आरशासमोर करून बघत होते. हिल्डा दारात येऊन म्हणाली, "दाढ दुखतेय का तुझी?"

बुधवार, २२ नोव्हेंबर

नमुन्याची पहिली रेकॉर्ड आली. फेरिस घेऊन आला होता, तोच ती लावणार होता. तळघरात चला म्हटलं तर डेन्झिल नको म्हणाला. फळी नको, पियानो नको. बैठकीच्या खोलीत, चारचौघं ऐकतात तशीच लावा. मला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर कोपर टेकून माझ्याकडे बघत बसला.

ठेका सुरू झाला. पहिल्यांदा मी फार अवघडले, एवढं कुणी कधी बघितलेलं नाही मला. मान ताठ होऊ लागली, हात आपोआप मांडीवर आले. मग त्याच्या आईचं ते गुणगुणणं सुरू झालं आणि मी विचार करणं सोडून दिलं. तोंडाचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं. नाक वाहिलं, हनुवटी थरथरली, एका जागी हसूही आलं. फेरिस भिंतीकडे तोंड करून उभा होता. डेन्झिलची नजर शेवटपर्यंत हलली नाही.

गाणं संपलं. फेरिसने सुई उचलली. मी रुमाल शोधत होते, तो डेन्झिलनेच पुढे केला.

"बरं झालंय की," तो म्हणाला.